काकडी-लाह्या आन डोहाचा तळ

"बुडंना! अगं बया, बुडंनाच की ह्यो गडी!"

काठावरनं कुणीतरी वरडलं आन माझ्या काळजाचं पाणी झालं. निरेच्या डोहात मधोमध आमचं मालक. डोकं पाण्यात, पाय आभाळात, आन मधला भाग, म्हंजी धोतराचा काचा मारलेला, बाजारात ढिगावर भोपळा ठिवावा तसा पाण्यावर जागच्या जागी. पाय झाडत्यात, पाणी उडवत्यात, खाली जायाला बघत्यात, आन पाणी काय त्यास्नी आत घेईना. मंग भस्सदिशी उलटं झालं, तोंड वर आलं, फूऽऽ करून पाणी टाकलं आन कावऱ्याबावऱ्या नजरेनं काठाकडं बघितलं.

लोकांच्या बायका नवरा बुडतोय म्हणून छाती बडवत्यात. मी माझा नवरा बुडत न्हाय म्हणून थरथर कापत हुते. कडंवर सात-आठ म्हयन्याचं पोर, त्येला काय कळतंय, ते बापाचं वर आलेलं पाय बघून हात नाचवत हुतं. आन गुलालानं लाल झालेल्या त्या येवढ्या माणसांत मालक का बुडंनात ते एकटीला ठावं हुतं. मला. कारण त्यांच्या पोटात काय हुतं ते म्याच घातलं हुतं.

थांबा, असं मधनंच सांगून तुमाला कळायाचं न्हाय. दम घेते आन पयल्यापासनं सांगते. पोर आत्ता झोपलंय, ते उठायच्या आत सांगून झालं पायजे.

माझं माहेर इंदापूरच्या तिकडं, कोरड्या अंगाला. आमच्याकडं पाणी म्हंजी घागरीत आसतं. लईच झालं तर हिरीच्या तळाला, आन ते बी वाकून बघावं तर आपल्यालाच घेरी यावी येवढं खोल. माणूस सबंध पाण्यात जातो आन परत जित्ता वर येतो, हे म्या लगीन होऊन हिकडं बारामतीच्या खाली नदीकाठाला येईस्तवर बघितलेलंच न्हवतं. हिकडं समदं पाणीच. एका अंगाला कॅनॉल, एका अंगाला नदी, मधी आमचं माळवं, म्हंजी वांगी, काकडी, भोपळं, मिरच्या. हितं म्हशी पाण्यात आन पोरं बी पाण्यात. पोरांच्या पाठीला वाळला भोपळा बांधत्यात आन देत्यात ढकलून. पयल्यांदा म्या ते बघितलं आन किंचाळले, "आवं धावा, कुणीतरी पोर टाकलं!" आत्याबाई, म्हंजी माझ्या सासूबाई, हसून हसून खाली बसल्या. तवापासनं आळीत मला सगळी "कोरडवाहू सून" म्हणत्यात.

तर आमच्या घराला एक मान हाय. गावच्या गणपतीला डोहात न्यायाचा. मामंजींच्या बापानं नेला, मामंजींनी उभा जन्म नेला. माझ्या सासऱ्यांची जिमीन येवढीशी, घर कौलाचं, पण अनंत चतुर्दशीला ते काचा मारून पाण्याकडं निघालं की पाटील बी बाजूला सरायचं. आता गुडघं धरलं, दमा लागला. मंग गेल्या साली पयल्यांदाच मालकांच्या माथ्यावर आलं. आन त्येच्यात एक आट. ज्या घराच्या गड्याला जमायचं न्हाय, त्या घराचा मान जायाचा. कुठं जायाचा? शेजारी. आमच्या चुलत घरात. आमची चुलत सासू, म्हंजी काकी, भित्तीपलीकडं त्येचीच वाट बघत बसलेली. तिचा लेक बी पोहणारा. अंगानं काठीसारखा वाळका.

मामंजी कुणाला बोलून दाखवायचं न्हायत. पर गणपती बसल्यापासनं ते जेवताना दोनदा हात थांबवून डोहाच्या दिशेला बघायचं. आत्याबाई मला म्हणल्या, "मान गेला ना, तर हा माणूस वर्सभरबी काढायचा न्हाय गं."

वसरीवर मंग रोज एकच इशय. पोहणाऱ्या गड्यानं काय खावं?

तालमीचं वस्ताद आलं, मांडी घालून बसलं आन म्हणलं, "त्यात काय इचारता? पैलवानाला जे, तेच पोहणाऱ्याला. बदाम, दूध, तूप, शिरा. चार दीस हाणू द्या शिरा."

मामंजी म्हणलं, "वस्ताद, पैलवानाच्या पायाखाली जिमीन आसती. ह्येच्या पायाखाली काय हाय?"

मंग मामंजींनी मालकांस्नी समोर बसवून सांगितलं. मी दाराआड पोराला पाजत हुते, समदं ऐकलं.

"हे बघ, आदल्या सांजंला जवारीची भाकरी, मुगाचं कढण, वाटीभर ताक. पोट भरंल येवढंच, फुगंल येवढं न्हाय. त्या दिशी येरवाळी गुळाचा खडा आन फुलपात्रभर दूध. दुपारच्याला वाटलंच तर एक केळं. मंग पाण्यात जाऊस्तवर काय न्हाय. घोटभर पाणी पी, पर खायाचं न्हाय. पोटात जड आसलं की पाय आखडत्यात. वर आलास की अंग पूस, सुंठ-गूळ घातलेलं ऊन ऊन दूध घे, आन मंग बस किती भाकरी खातूस त्या खा. तवा तुझा बाप बी आडवायचा न्हाय."

"व्हय आबा," मालक म्हणलं. मालक बापाला व्हय म्हणत्यात, आईला व्हय म्हणत्यात आन मला बी व्हयच म्हणत्यात. पुढचा समदा घोटाळा त्यातनंच झाला.

आता तुमीच बघा. एका खड्यावर आन एका फुलपात्रावर उभा दीस, आन मंग पाण्यात! म्हातारा हाय का कोन, म्हणलं, सख्ख्या लेकाला उपाशी पाण्यात घालतोय. पर सुनंनं सासऱ्याला बोलायचं कसं? म्या रातीला मालकांस्नी इचारलं, "आवं, पाण्यात जाऊन तुमी करायचं तरी काय आसतं?"

"काय करायचं? जायाचं आन यायाचं," म्हणलं आन कुशीवर वळून घोरायला लागलं.

जायाचं आन यायाचं. म्हंजी काय, बुडायचं न्हाय! म्या तर असंच धरलं. त्येच्या आदल्या साली मी गरवार हुते, गरवार बाईनं डोहाकडं जाऊ नये म्हणून आत्याबाईंनी घरात ठिवलेली, तवा काठावर काय करत्यात ते मला कुठलं ठावं? आन हितल्या माणसांस्नी वाटतं, हे काय सांगायचं आसतं व्हय! जसं मला कुणी सांगितलं न्हाय की सूर्य वर उगवतो.

मी मराठी तिसरीपतूर शिकलेली हाय. तिसरीत मास्तरांनी एक शिकवलं हुतं ते मला पक्कं ध्यानात हाय. जड ते बुडतं, हलकं ते तरंगतं. त्येच्या म्होरला धडा यायच्या आत माझं लगीन ठरलं.

दुसऱ्या दिशी पोरं भोपळा बांधून कॅनॉलला चाललेली बघितली आन माझ्या डोक्यात उजेड पडला. भोपळा पाठीला बांधला तर माणूस तरंगतो. मंग पोटात आसला तर?

समदी रानात गेल्यावर म्या न्हाणीतलं तांब्याचं घंगाळ घेतलं, काठोकाठ भरलं आन एकेक वस्तू आत सोडाया लागले. भाकरीचा तुकडा टाकला, त्यानं वाईच इचार केला आन गेला खाली. भिजली डाळ खाली. रताळं धाडदिशी खाली. गुळाचा खडा तर असा गेला की जनू वाटच बघत हुता. माझं अंग शहारलं. म्हणलं, मामंजी ह्यास्नी गूळ देऊन पाण्यात धाडणार! दूध टाकलं तर ते समदीकडंच पसरलं, त्येचं मला काय कळंना, सोडून दिलं. मंग वांगं. वांगं वर! मिरची वर. काकडी टाकली, हातानं दाबून तळाला नेली, सोडली, टुण्णदिशी वर. केळं वर. जवारीच्या लाह्या तर पाण्याला अंग सुदीक लावंनात. तूप वर, पसरून ऐटीत. मला येवढं हरकून गेल्यासारखं झालं की पोराचा पापा घेतला.

येवढ्यात मागनं आत्याबाई. त्यांचा इळा राहिला हुता घरात.

"काय गं, काय चाललंय? वांग्यास्नी न्हाऊ घालतीस व्हय?"

"न्हाय, ते... धुत हुते. माती लई आसती."

"आन तूप? तूप बी धुतीस?"

आत्याबाईंनी घंगाळात बघितलं, माझ्याकडं बघितलं, पोराकडं बघितलं. "बाळंतपण डोक्यात गेलंय," असं पुटपुटत इळा घेऊन गेल्या. त्या सांजंला माझ्या ताटात डिंकाचा एक लाडू जास्ती पडला.

त्या दिसापासनं म्या मालकांस्नी भोपळ्याचं भरीत, वांग्याचं भरीत, परत भोपळ्याचं भरीत असं सुरू केलं. मालकांनी चौथ्या दिशी इचारलं, "भाकरी का गं चतकोरच?" म्या म्हणलं, "जड पडती." "कुणाला?" "पाण्याला." "व्हय," म्हणलं आन खाल्लं.

चतुर्दशी उजाडली. आता त्या दिशी मानकऱ्यानं चुलीवर शिजलेलं खायाचं न्हाय असा आमच्यात रिवाज. मला वाटलं देवच माझ्या बाजूनं हाय, कारण तरंगणारं समदं बिनशिजलेलंच. लाह्यांवरनं तेवढी पंचाईत झाली. म्या आत्याबाईंस्नी हळूच इचारलं, "लाह्या चालत्यात का?"

"लाही भाजलेली आसती. शिजलेली न्हवं."

"आन तूप?"

"ते परवा कढवलंय. परवाचं पाप परवाला." आन मंग इकडं तिकडं बघून, "दे गं वाईच. लेकरू उपाशी जाईल. ह्यास्नी सांगू नगंस." ह्यास्नी म्हंजी मामंजींस्नी.

आई आन बायको एका मताची झाली, मंग काय. मामंजींनी सांगितलेलं दूध-गूळ येरवाळी झालं. त्येच्यावर म्या परातभर लाह्या, तूप थापून. वर दही. मंग काकड्या. आमच्या मळ्यातल्या कवळ्या लुसलुशीत काकड्या, मीठ न लावता, कारण मीठ बी तळाला बसलं हुतं. मंग केळी. मालक मधनंच म्हणलं, "आगं बास की." म्या म्हणलं, "तुमास्नी माझी शपथ. पोराकडं बघा." त्यांनी पोराकडं बघितलं आन आणखी एक काकडी खाल्ली. दुपारला तहान लागली म्हणून तांब्याभर ताक प्यालं. लाह्या आत फुगाया लागल्या आसणार. निघायच्या येळंला त्यांचा काचा बसंना. दोनदा सोडून बांधला.

मामंजी लांबनं म्हणलं, "का रं, अंगानं भरलास का दोन दिसात?"

"व्हय आबा."

वाजत गाजत डोहावर आलो. माझा जीव मुठीत. मालकांनी बाप्पाला डोक्यावर घेतलं, पाण्यात शिरलं. गुडघा, कंबर, छाती, मंग पोहाया लागलं एका हातानं. आवं, काय तरंगत हुतं! हातभर वर! म्या येवढी सुखावले की शेजारच्या बाईला चिमटा काढला. डोहाच्या मधावर गेलं, "मोरया" झालं आन त्यांनी बाप्पाला सोडलं. बाप्पा सरळ खाली गेलं. म्या हात जोडलं, झालं म्हणलं, आता यायाचं.

मालक यायचं सोडून डोकं खाली घालाया लागलं.

"आत्याबाई, ते काय करत्यात?"

"सूर मारतोय. तळाची वाळू आणाया नगं का?"

"कसली वाळू?"

आत्याबाईंनी माझ्याकडं असं बघितलं, जसं म्या सूर्याचं नाव इचारलं. "आगं, बाप्पा जिथं बसलं तिथली मूठभर वाळू आणायची, पाटावर ठिवायची, ती देवळात जाती. त्येचाच तर मान! बाप्पाला काय कुणीबी पाण्यात सोडतंय. तळाला जाऊन येणं, हीच तर खरी गोष्ट हाय. तीन बुड्यांत वाळू न्हाय आली, तर गेला मान काकीच्या घरात."

म्या पोराला गच्च धरलं. ते रडाया लागलं.

आन मंग ते झालं, जे म्या सुरवातीला सांगितलं. पयली बुडी, पाय वर, मधला भाग वर, परत आलं. काठावर हसू फुटलं. कुणी म्हणलं, "पाण्याला पाव्हणा आवडंना वाटतं!" कुणी म्हणलं, "भोपळा सोडाया इसरलास का रं पाठीचा?" दुसऱ्या बुडीला तर त्यांनी येवढा जोर लावला की उलटी कोलांटी होऊन उताणं पडलं आन पोट वर. पोट बघितलं समद्यांनी. टम्म. मागच्या बायका खुसखुसल्या, "पोटुशी हाय का काय गडी!"

काकी म्होरं आल्या, पदर नीट केला, आन आत्याबाईंस्नी लई प्रेमानं म्हणल्या, "आक्का, तरंगायला तुमचा लेक एक नंबर हाय हां. म्हशीला धरून बसायला बरा. बुडायचं काम आमच्या लेकाला द्या. सोडला की खिळ्यावानी तळाला जातो."

तिचा लेक तर तवाच सदरा काढाया लागला हुता. दिसायला बी खिळाच.

आत्याबाईंच्या तोंडाला तोंड देणारी बाई ह्या आळीत न्हाय, पर त्या नुसत्या मामंजींकडं बघत हुत्या. मामंजी पार पाण्याच्या कडंला, काठी टेकून. हसत न्हवतं, रागवत न्हवतं. तोंडावर काय ते मला सांगता येत न्हाय. जत्रंत पोर हरवलेल्या माणसाचं आसतं तसं.

"बाहेर ये वाईच," त्यांनी हाक मारली. मालक कडंला आलं, धापा टाकत. मामंजींनी त्यांच्या पाठीत दोन दणकं घातलं. आन काय सांगू, तो ढेकर! पलीकडच्या थडीवरची बगळी उडाली. काकडीचा वास मागच्या बायकांपतूर आला. आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं, म्या आत्याबाईंकडं.

"काय खाल्लंस?" मामंजी.

मालकांनी एकदा आईकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. "तुमी सांगितलं ते, आबा."

"आन?"

"आन... वाईच."

मामंजींनी मान हालवली. "जा. श्वास घालव आन जा."

तिसरी बुडी. ह्या खेपंला मालक डोहाच्या मधावर न जाता वाईच उजव्या अंगाला सरकलं, जिथं काठावरचा करंज पाण्यावर झुकलाय. गेलं खाली. पाय दिसलं, मंग पाय बी दिसंनात. हलगीवाला थांबला. माझ्या तोंडातनं देवाचं नाव येईना, "काकडी, काकडी" येवढंच येत हुतं. आत्याबाईंनी माझ्या हातातनं पोर घेतलं आन पाट माझ्या हातात दिला. "धर. तुझा नवरा हाय, तू धर."

आन मंग डोकं वर आलं! मूठ वर! काठ असा गर्जला की म्या पाट टाकणारच हुते. हलगी सुरू झाली. मालक काठाला आलं, थरथरत, व्हट निळं, आन सरळ माझ्या म्होरं. मूठ उघडली पाटावर.

डोहाच्या तळाची वाळू म्या नकळत कितीदा बघितली हुती. देवळात मागल्या सालची ठिवलेली आसती, पांढरी, रवाळ, मिठासारखी. आन पाटावर पडली ती काळी. चिकणी. मधी करंजाच्या मुळीचा केस. तळाची न्हवं, कडंची. उथळ पाण्यातली.

म्या वर बघितलं. मालक माझ्याकडं बघत हुतं. लगीन झाल्यापासनं त्यांनी माझ्याकडं येवढं सरळ कधी बघितलं न्हवतं. गार पाणी त्यांच्या केसातनं माझ्या हातावर टपटप पडत हुतं.

"बघू गं, बघू," काकी आल्याच. "पांढरी हाय का?"

माझ्या उजव्या अंगाला गुलालाचं ताट, वाळूवर चिमूटभर टाकायला ठिवलेलं. म्या इचार केला असं म्हणता येत न्हाय. माझा हात गेला. मूठ न्हवं, ओंजळ न्हवं, म्या आख्खं ताटच पाटावर उपडं केलं. गुलालाचा असा ढग उठला की काकी चार पावलं मागं, शिंका देत.

"आगं आगं, केवढा गुलाल हा!"

"आनंद झाला काकी," म्या म्हणलं. आळीत माझं येवढं मोठं वाक्य समद्यांनी पयल्यांदाच ऐकलं.

आता मामंजी. रिवाज असा की मानाच्या घरच्या वडीलधाऱ्यानं त्यातली चिमूट घेऊन कपाळाला लावायची, मंग समद्यांनी. मामंजी काठी टेकत आलं. गुलालात दोन बोटं घातली, खालपतूर. चिमूट काढली आन बोटात चोळली. ज्या माणसानं उभा जन्म ती वाळू वर काढली, त्येला बोटांनी कळायचं न्हाय व्हय? त्यांनी मालकांकडं बघितलं न्हाय, काकीकडं न्हाय. पाटाकडं बी न्हाय. माझ्याकडं बघितलं, पदराच्या आतल्या तोंडाकडं.

मंग चिमूट कपाळाला लावली आन म्हणलं, "आली. बोला मोरया."

काठ दणाणला. वस्तादांनी मालकांस्नी खांद्यावर घेतलं आन लगीच खाली ठिवलं, कारण वजन झेपंना.

घरी आल्यावर मालकांस्नी सुंठ-गूळ घातलेलं ऊन दूध दिलं. त्यांनी भाकरीला हात लावला न्हाय, लाजून न्हवं, जागाच न्हवती. मामंजी न्हाणीपाशी पाय धूत हुतं. मी पाणी घालत हुते. त्यांनी मान वर न करता इचारलं,

"सूनबाई, त्या लाह्या कुणाची अक्कल?"

म्या आणखी एक तांब्या पायावर वतला.

"घंगाळाच्या कडंला तूप दिसलं मला. पोरी, मेलेलं ढोर बी तरंगतं. तरंगायला खुराक लागत न्हाय. खाली जाऊन परत वर यायला लागतो." मंग लई येळ पाय चोळत राहिलं. "आन पुढल्या साली ह्येला काकडी दाखवू सुदीक नगंस."

बास. येवढंच. परत त्या इषयावर ते बोललं न्हायत. मालक बी न्हाय. मालकांस्नी अजून वाटतं, बापाला काय कळलं न्हाय. आत्याबाईंस्नी वाटतं, वाळू पांढरीच हुती. ती देवळात मडक्यात हाय, वरनं गुलालाचा जाड थर.

आन आता परत भादवा आला. मामंजींनी मला चुलीपाशी बोलावून खुराक माझ्याच तोंडून परत परत म्हणवून घेतला, भाकरी, मुगाचं कढण, ताक, येरवाळी दूध-गूळ, मंग काय न्हाय. मी रोज मालकांच्या ताटाम्होरं हवालदारावानी बसते. मालक मळ्यातनं येताना धोतराच्या ओच्यात काकडी लपवून आणत्यात, ती म्हशीला घालते. तालमीत न जाता ते सकाळी डोहावर जात्यात, आन परवा कुणाला न सांगता त्यांनी मूठभर पांढरी वाळू आणून मला दाखवली. खरी. तळाची. मला हसू बी आलं आन रडू बी.

पर कालच भित्तीवरनं काकी म्हणल्या, "सूनबाई, औंदा गुलालाचं ताट मी धरीन हां. तुझा हात लई सैल हाय."

तवापासनं माझी झोप उडालीय. तिला कळलंय का न्हाय? म्या मामंजींस्नी सांगू, का गप बसू? आन त्या दिशी मान काकीच्या घरात जाऊ द्यायला पायजे हुता का? न्याय बघितला तर तिचा वाळका लेक तळाला गेलाच आसता. पर पाटावर ती काळी माती, म्होरं थरथरणारा नवरा, पलीकडं काठी टेकून तो म्हातारा, आन उजव्या हाताशी गुलालाचं भरलेलं ताट. पोर उठलं बघा. तुमीच सांगा बायांनो, तुमी तिथं पाट धरून हुब्या आसता, तर तुमी काय केलं आसतं?